विद्रावकाचा रकाना

काविळीच्या माणसाला हळद द्यायची नाही, हा आमच्या घरातला नियम होता आणि आमचे घर हळदीवरच चालत होते. सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांचे अडत दुकान आहे. हंगामात सौदे संपवून ते घरी येत, तेव्हा हळकुंडांची धूळ त्यांच्या भुवयांपर्यंत बसलेली असे. मी सातवीत असताना मला कावीळ झाली, तेव्हा आजीने महिनाभर माझी आमटी वेगळी शिजवली. तीत फोडणी नव्हती आणि हळदही नव्हती. "पिवळ्यावर पिवळं कशाला घालायचं," एवढेच तिचे म्हणणे होते. दुकानात येणारे लोक मात्र हळदीने यकृत साफ होते, असे छातीठोकपणे सांगत. पुढे औषधशास्त्रात एम.डी.साठी प्रवेश मिळाला आणि प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा हा जुना पेच माझ्या मनात तसाच शिल्लक होता. हळदीतील कुरक्युमिन यकृताची इजा आणि त्यासोबत येणारा दाह कमी करते का, हा विषय मी घेतला. ते कमी करते, असेच उत्तर यावे अशी माझी इच्छा होती, हेही इथे नोंदवले पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याच्याशी त्या इच्छेचा थेट संबंध आहे.

यकृताला इजा करण्यासाठी आम्ही पॅरासिटामॉल निवडले. तापावर घराघरांत घेतली जाणारी ही गोळी नेहमीच्या मात्रेत सुरक्षित आहे. तिचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते आणि थोडासा भाग सायटोक्रोम गटातील एका विकरामुळे 'नॅपक्वी' नावाच्या अत्यंत क्रियाशील, विषारी रसायनात बदलतो. पेशींतील ग्लुटाथायोन हे रसायन त्याला लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार मोठी झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो, मग नॅपक्वी पेशीतील प्रथिनांना, विशेषतः मायटोकॉन्ड्रियातील प्रथिनांना चिकटते आणि पेशी मरतात. हे विकर यकृताच्या सूक्ष्म खंडांतील मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशींत सर्वाधिक असल्यामुळे इजाही तिथेच गोल कड्यासारखी दिसते. हा सगळा क्रम १९७३ च्या सुमारास उलगडला गेला आणि त्यातूनच एन-ॲसिटिलसिस्टीन हे उतारा म्हणून वापरले जाणारे औषध पुढे आले. रुग्णाला ते गोळ्या घेतल्यापासून ८ तासांच्या आत मिळाले, तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचते. प्रयोगशाळेत अभ्यासायला इतकी स्पष्ट, पायरीपायरीने समजलेली दुसरी यकृताची इजा क्वचितच सापडेल.

प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. आमच्याकडे जुन्या प्रबंधांत सर्रास मोठे पांढरे उंदीर, म्हणजे रॅट, वापरलेले होते. रॅटच्या यकृताला पॅरासिटामॉलने फारशी इजा होत नाही आणि माणसाशी साम्य असलेली इजा लहान उंदरांत, म्हणजे माइसमध्ये दिसते, हे समितीला पटवण्यात एक बैठक गेली. समितीवर विज्ञानाबाहेरचे एक सदस्य असतात. त्यांनी विचारले, "हे प्राणी रात्रभर उपाशी का ठेवायचे?" उपाशी ठेवल्याने ग्लुटाथायोन आधीच कमी होते आणि सगळ्या प्राण्यांत इजा सारखी होते, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, "मग सगळे नेमके तितकेच तास उपाशी राहतील, हे कोण बघणार?" मी बघेन, असे मी म्हणाले. त्या प्रश्नामुळे पहिल्या रात्री मी प्राणीगृहातच थांबले आणि प्रत्येक पिंजऱ्यातील खाद्य काढल्याची वेळ मिनिटांसह लिहून ठेवली. प्रश्न साधा होता, पण समितीतील कोणाही तज्ज्ञाने विचारलेल्या प्रश्नांपेक्षा त्याचा मला अधिक उपयोग झाला.

पॅरासिटामॉल गार पाण्यात नीट विरघळत नाही. सलाइन कोमट करून त्यात ते ढवळत बसावे लागते, मग अंगाच्या तापमानापर्यंत निवू द्यावे लागते, आणि जास्त निवले की तळाशी पुन्हा पांढरे कण दिसू लागतात. मी सिरिंज उजेडासमोर धरून कण शोधत असे. दर किलो वजनाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला साडेसात मिलिग्रॅम, पोटात टोचायचे. कुरक्युमिनची अडचण उलट होती. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते डीएमएसओ या विद्रावकात विरघळवून पॅरासिटामॉलच्या आधी तासभर दिले. त्या पिंजऱ्यांतून थोड्या वेळाने लसणासारखा वास येऊ लागला. प्राणीगृहातील मामांनी विचारले, "मॅडम, आज काय फोडणी दिलीय?" डीएमएसओ शरीरातून श्वासावाटे बाहेर पडताना तसा वास येतो. मी वहीत तो वास नोंदवला आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. ती नोंद आजही माझ्याकडे आहे आणि ती वाचताना मला आजही वाईट वाटते, कारण उत्तर तिथेच, माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी, २४ तासांनी, भूल देऊन रक्त घेतले आणि यकृताचे तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले. ज्या गटाला सलाइन आणि पॅरासिटामॉल मिळाले होते त्यांचे एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर, हजारांच्या घरात होते. कुरक्युमिनच्या गटाचे आकडे जवळजवळ निरोगी उंदरांसारखे होते. मी ते आकडे तीनदा मोजून घेतले. स्लाइडवरही तेच दिसत होते. पहिल्या गटात मध्यवर्ती शिरेभोवती फिकट, केंद्रक हरवलेल्या मृत पेशींचे रुंद कडे होते, तर दुसऱ्या गटात ते कडे जवळपास नव्हते, आणि मधे घुसलेल्या दाहाच्या पेशीही नव्हत्या. त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन करून हे सांगितले. त्यांनी दुकानातल्या माणसांना सांगितले. आठवड्याभरात यार्डातले चार लोक मला त्याविषयी विचारून गेले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आकड्यांचा कागद पाहिला, मग प्रयोगाआधी मंजुरीसाठी दिलेल्या सारांशातील गटांचा तक्ता मागितला आणि बराच वेळ त्यावर पेन टेकवून बसल्या. "अगं, एकटं डीएमएसओ आणि पॅरासिटामॉल दिलेला गट कुठाय?" असे त्यांनी विचारले. तो गट नव्हता. निरोगी गट होता, सलाइनचा होता, कुरक्युमिनचा होता आणि एन-ॲसिटिलसिस्टीनचाही होता. विद्रावकाचा रकाना तक्त्यात नव्हताच, आणि तो नाही हे सारांश तपासणाऱ्या कोणाच्याही लक्षात आले नव्हते. पॅरासिटामॉलपासून नॅपक्वी बनवणारे सायटोक्रोम विकर डीएमएसओमुळे दबते, हे यकृताच्या इजेवर काम करणाऱ्यांना अनेक वर्षांपासून माहीत आहे. विष तयारच झाले नाही, तर यकृत वाचणारच. त्यात कुरक्युमिनचा काही वाटा आहे की नाही, हे माझ्या प्रयोगातून सांगता येणे शक्यच नव्हते. मॅडम रागावल्या नाहीत. "ते प्राणी गेले ना आपले, त्याचं मला वाईट वाटतंय," एवढेच त्या म्हणाल्या. समितीसमोर पुन्हा उभे राहून आणखी प्राणी मागणे ही मला त्या तीन वर्षांतील सर्वांत जड गेलेली गोष्ट होती. प्राण्यांचा वापर कमीत कमी ठेवण्याचे तत्त्व रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच मांडलेले आहे, ते मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि माझ्या हातून नेमके तेच मोडले गेले होते.

नव्या मांडणीत आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली म्हणजे विष तयार होते का, हे मोजायचे. त्यासाठी पॅरासिटामॉल दिल्यानंतर अर्ध्या तासाने यकृतातील ग्लुटाथायोन मोजले, कारण उंदरात त्या वेळेपर्यंत साठा जवळपास रिकामा होतो. यासाठी वापरायचे अभिकर्मक ग्लुटाथायोनशी संयोग पावले की पिवळा रंग देते. रंग जितका गडद तितका साठा अधिक. इथे एक खाचखळगा होता. कुरक्युमिन स्वतःच पिवळे आहे आणि त्याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषते. म्हणून प्रत्येक नमुन्याची अभिकर्मकाविना एक जोडनळी ठेवून तिचा आकडा वजा करावा लागला. स्टँडमध्ये नळ्यांची रांग लावली तेव्हा यंत्रात घालण्याआधीच निकाल डोळ्यांना दिसत होता. सलाइन आणि पॅरासिटामॉलच्या नळ्या पाण्यासारख्या होत्या. नुसत्या डीएमएसओच्या नळ्या पिवळ्या होत्या. डीएमएसओ आणि कुरक्युमिनच्या नळ्याही तितक्याच पिवळ्या होत्या. हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी असल्याने पिवळ्याच्या छटा मला लहानपणापासून ओळखता येतात, राजापुरी हळदीचा रंग मी पोत्यात हात घालून सांगू शकते. पण त्या दोन रांगांत मला फरक करता आला नाही, आणि यंत्रालाही करता आला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे औषध द्यायची वेळ. विष बनून इजा सुरू झाल्यावर दिलेले औषध उपयोगी पडले, तरच ते इजेवर किंवा दाहावर काम करते असे म्हणता येते. त्यामुळे कुरक्युमिन पातळ खळीत घोटून, नळीने तोंडावाटे, पॅरासिटामॉलनंतर दोन तासांनी दिले आणि नुसत्या खळीचा गटही सोबत ठेवला. २४ तासांनी त्या दोन गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. त्याच वेळी एन-ॲसिटिलसिस्टीन दिलेल्या गटात इजा स्पष्टपणे कमी होती, म्हणजे प्रयोगात फरक पकडण्याची क्षमता होती. कुरक्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते, हे कारण असू शकेल. अधिक मात्रेत किंवा अधिक दिवस दिले असते तर काय झाले असते, याविषयी हा प्रयोग काहीच सांगत नाही, आणि प्रबंधात मी तसेच लिहिले.

दाहाचा भाग मात्र याच्या पुढे गेला, आणि खरे सांगायचे तर मी यकृताकडे कायमची वळले ती त्यामुळे. आम्ही काही प्राण्यांचे यकृत ६, २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहिले होते. मी इजेला जसे गुण दिले होते तसेच दाहालाही दिले होते. जितक्या दाहाच्या पेशी अधिक तितके गुण अधिक, आणि अधिक गुण म्हणजे प्रकृती वाईट. ही पद्धत मी जुन्या प्रबंधांतून जशीच्या तशी उचलली होती. विकृतिशास्त्र विभागातील तंत्रज्ञ काकांनी मेणाच्या ठोकळ्यातून मायक्रोटोमवर पाच मायक्रॉनचे काप काढले, कोमट पाण्यावर ते सुरकुतीविना पसरवले आणि काचेवर उचलून दिले. मी ४८ तासांचा काप बघायला बसले. दाहाच्या पेशी सर्वांत दाट तिथे होत्या. माझ्या गुणपद्धतीप्रमाणे तो सर्वांत आजारी काप ठरत होता. पण त्याच प्राण्याचे एसजीपीटी उतरणीला लागले होते. चाळीसच्या भिंगाखाली बारकाईने पाहिले तेव्हा लक्षात आले, की मृत पेशींच्या कड्यात शिरलेल्या त्या मोठ्या, फेसाळ पेशींच्या पोटात मृत पेशींचे तुकडे होते. त्या भक्षकपेशी राडारोडा उचलत होत्या. आणि कड्याच्या बाहेरच्या काठावर, जिवंत पेशींच्या रांगेत, एका पेशीचे केंद्रक दोन भागांत ओढले जात होते. मी आजवर पुस्तकात शंभर वेळा पाहिलेले पेशीविभाजन त्या दिवशी पहिल्यांदा मोजण्याच्या कामात समोर आले. तशा आणखी अकरा पेशी मी त्याच कापात शोधल्या.

या दाहात जंतू नसतात. रुग्णांना आणि अनेकदा विद्यार्थ्यांनाही दाह म्हटले की संसर्ग आठवतो. इथे मरणाऱ्या पेशी फुटतात आणि एरवी पेशीच्या आत दडलेले रेणू, केंद्रकातील प्रथिने, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, बाहेर सांडतात. यकृतातच वस्तीला असलेल्या कुप्फर पेशी ही सांडलवंड ओळखतात. कुप्फर यांनी या पेशींचे वर्णन १८७६ मध्ये केले, पण त्यांचे खरे काम कळायला पुढे बराच काळ जावा लागला. त्या संदेश सोडतात, रक्तातून आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात आणि मागोमाग मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी येऊन भक्षकपेशी बनतात. उंदरांत या मोनोसाइटना येण्यापासून रोखले, तर मृत पेशींची सफाई रेंगाळते आणि यकृत भरून यायला उशीर होतो. न्यूट्रोफिल इजा वाढवतात की नाही, यावर संशोधकांत अजून वाद आहे. दीर्घकाळ चालणारा दाह यकृतात तंतू वाढवून त्याला निबर करतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणून "दाह कमी झाला" या वाक्याला, तो कोणत्या तासाला आणि कोणत्या पेशींचा, हे सांगितल्याशिवाय काही अर्थ उरत नाही. मी माझी गुणपद्धती टाकून दिली आणि मृत भागाचे क्षेत्रफळ, न्यूट्रोफिल, भक्षकपेशी व विभाजन होणाऱ्या पेशी, असे सगळे वेगवेगळे मोजले. स्लाइडच्या क्रमांकावर चिकटपट्टी लावून, कोणती कोणत्या गटाची हे न कळता मोजले. प्रबंध चार महिने लांबला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निम्मा वेळ पहिल्या, फसलेल्या प्रयोगावर घालवला आणि तो परिशिष्टात न टाकता मुख्य मजकुरात ठेवल्याबद्दल समाधान व्यक्त केले.

वडिलांना सांगणे अवघड होते. मी दुकानात गेले, गादीवर बसले आणि सगळे समजावले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे हळदीनं काही बिघडलं पण नाही ना?" त्या वेळी मी नाही म्हणाले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यांनी यार्डात पेढे वाटले, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण २०२२ मध्ये अमेरिकेतील औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदी ठेवणाऱ्या गटाने हळदीच्या गोळ्या-कॅप्सूलमुळे झालेल्या यकृताच्या इजेचे १० रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांतील एक दगावला होता. १० पैकी ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकप्रकार आढळला, आणि काही उत्पादनांत काळ्या मिरीचा अर्क होता. मिरीतील पिपरीन कुरक्युमिनचे शोषण कित्येक पटींनी वाढवते, हे बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवले होते. जे शोषणच होत नाही म्हणून माझ्या उंदरांत निष्फळ ठरले असावे, ते रेटून रक्तात पोहोचवले की काही मोजक्या माणसांत, त्यांच्या जनुकांच्या ठेवणीमुळे, यकृतावर उलटत असावे. मी तो लेख वडिलांना वाचून दाखवला. कॅप्सूल विकणाऱ्या एका माणसाने दुकानात लावायला दिलेला 'यकृताचा मित्र' असा फलक त्यांनी दुसऱ्या दिवशी उतरवला.

आता मी रुग्णालयात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेते. कोणती औषधे घेता, असे विचारले की आपल्याकडे कोणी हळद सांगत नाही, गुळवेल सांगत नाही, नातेवाइकाने दिलेले चूर्ण सांगत नाही. ती औषधे आहेत असे कोणाला वाटतच नाही. म्हणून मी विचारणे सोडले आणि घरात डबीत, पुडीत, बाटलीत जे काही आहे ते सगळे पिशवीत घालून आणा, असे सांगू लागले. मागील पावसाळ्यात तासगावकडच्या एक मावशी कावीळ घेऊन दाखल झाल्या. बेदाण्याच्या शेडवर दिवसभर बसून निवडण्याचे काम, त्यामुळे गुडघे दुखतात. त्यांची पिशवी मी टेबलावर ओतली. पुतण्याने ऑनलाइन मागवलेली हळदीच्या कॅप्सूलची बरणी होती, तिच्यावर मिरीच्या अर्काचा उल्लेख बारीक अक्षरांत होता. सोबत डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या दोन पट्ट्या होत्या. डायक्लोफिनॅकनेही यकृताला इजा होऊ शकते. कोणते कधी सुरू केले, हे त्यांना तारखेने सांगता येईना; मग आम्ही बेंदूर, पंचमी आणि त्यांच्या नातीचे बारसे यांच्या आधाराने तारखा लावल्या. कॅप्सूल सुमारे अडीच महिने, डायक्लोफिनॅक त्याआधीपासून अधूनमधून. दोन्ही बंद केले.

"मग आमटीत पण हळद घालायची न्हाई का?" त्यांनी विचारले.

मी त्यांना सांगितले, की आमटीत पडते ती चिमूटभर हळद. तिच्यात कुरक्युमिन शंभरात दोन ते पाच भाग, आणि त्यातलेही अंगी लागते ते नाममात्र. कॅप्सूलमध्ये ते वेगळे काढून, दाट करून, मिरीच्या अर्कासोबत भरलेले असते. आमटीत घाला, कॅप्सूल मात्र पुन्हा घेऊ नका. त्यांनी पुतण्याकडे पाहिले आणि बरणी त्याच्या हातात दिली.

दुष्परिणामाच्या फॉर्ममध्ये संशयित औषधाचा संबंध निश्चित, संभाव्य, शक्य की असंभव, हे लिहावे लागते. हेपेटायटिस अ आणि ब यांच्या तपासण्या नकारात्मक आल्या होत्या. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या हेपेटायटिस ई ची तपासणी अजून यायची होती. वॉर्डातील डॉक्टरांनी 'संभाव्य' लिहायला सुचवले. मी दोन्ही औषधांपुढे 'शक्य' असे लिहिले, ई च्या तपासणीचा रकाना मोकळा ठेवला आणि मावशींना दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावले.